सभ्य गृहस्थ आणि बारबाला



‘चेडू बोटीर जांवक बघता, धाडूचां काय?’ हा प्रश्न मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गटांना आता नवा राहिलेला नाही. हॉटेलच्या कामाचा अभ्यासक्रम केलेली, इंग्रजी बोलू लागलेली, गोव्यात एखादे वर्ष नोकरी केलेली मुलगी घरी सांगते, की मोठ्या प्रवासी जहाजावर काम मिळते आहे. घरात बैठक बसते. पगार किती, करार किती महिन्यांचा, आजारी पडली तर कोण बघणार, हे सगळे प्रश्न बाजूला राहतात आणि एकच प्रश्न पुढे येतो : ‘थंय नाचूक लागता काय?’

कोकणाला बोटीची नोकरी परकी नाही. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला १९८१ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरचे पुरुष खलाशी, आगवाले, आचारी म्हणून जहाजांवर गेले. ‘मुलगा बोटीवर आहे’ म्हटले की स्थळाचे वजन वाढते. तो तिथे कुणाचे ताट उचलतो, कुणाची खोली झाडतो, हे कुणी विचारत नाही. पैसे पाठवतो, एवढे पुरते. ‘मुलगी बोटीवर आहे’ म्हटले की मात्र सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. समुद्र तोच, काम तेच, पगारही तसाच. बदलते ती फक्त काम करणारी.

म्हणून या वेळी त्या एका प्रश्नाकडेच नीट बघायचे ठरवले. नाचावे लागते का? बहुतेक मुलींना लागत नाही. प्रवासी जहाज म्हणजे तरंगते हॉटेल. त्यात खोल्या आवरणाऱ्या, वाढणाऱ्या, स्वागतकक्षात बसणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या, पाहुण्यांची मुले सांभाळणाऱ्या बायका असतात. काही जणी करमणुकीच्या विभागात असतात. त्या गातात, नाचतात, प्रवाशांना नाच शिकवतात. आणि याच विभागात एक काम असे आहे, की ज्याची माहिती आपल्याकडे फारशी पोचलेली नाही. ते काम निव्वळ नाचण्याचे आहे, परक्या माणसाच्या हातात हात देऊन नाचण्याचे. गंमत अशी, की ते काम प्रामुख्याने पुरुष करत आले आहेत.

यांना ‘जेंटलमन होस्ट’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘सभ्य गृहस्थ यजमान’. इंग्रज आणि अमेरिकी प्रवाशांच्या काही जहाजांवर साधारण १९८० च्या दशकापासून असे पुरुष ठेवले जाऊ लागले. कारण साधे होते. या जहाजांवर एकट्या प्रवास करणाऱ्या, वयाने मोठ्या बायका पुष्कळ. कुणाचा नवरा गेलेला, कुणी घटस्फोट घेतलेला, कुणी लग्नच न केलेली. हाताशी पैसा आहे, मोकळा वेळ आहे. संध्याकाळी बॉलरूममध्ये वाद्यवृंद वाजू लागतो. नाच तर जोडीचा. जोडीदार नाही म्हणून या बायका भिंतीकडेला बसून राहत. कंपन्यांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, चाचाचा, रुंबा हे नाच येणारे, बहुधा पन्नाशी-साठी उलटलेले पुरुष जहाजावर घ्यायला सुरुवात केली.

या पुरुषांना नियम असतात आणि ते कडक असतात. ज्या ज्या एकट्या बाईला नाचायचे असेल तिच्याशी नाचायचे. एकीलाच धरून बसायचे नाही. जेवणाच्या टेबलावर सोबत करायची, बंदरावर उतरल्यावर गरज पडल्यास गटाबरोबर जायचे. कुणाही प्रवासी बाईच्या खोलीत जायचे नाही, प्रेमप्रकरण करायचे नाही. नियम मोडला तर पुढच्या बंदरावर उतरवून देतात. या कामावर १९९७ साली ‘आउट टू सी’ नावाचा विनोदी अमेरिकी चित्रपटही निघाला. जॅक लेमन आणि वॉल्टर मॅथॉ हे दोन म्हातारे नट त्यात असे ‘होस्ट’ होतात, आणि प्रेक्षक त्यांना हसतात ते मायेने. नाचून पोट भरणारी बाई पडद्यावर येते तेव्हा आपल्या चित्रपटांनी तिच्यावर अशी माया किती वेळा केली, हे तुम्हीच आठवून पाहा.

म्हणजे बघा. परक्या बाईबरोबर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, मालकाच्या सांगण्यावरून नाचणारा पुरुष आहे. त्याच्या कामाचे नाव काय, तर सभ्य गृहस्थ.

आता हेच काम करणाऱ्या बायकांना काय नाव मिळाले? अमेरिकेतल्या शहरांत १९२०-३० च्या काळात पैसे घेऊन नाचायची सभागृहे होती. पुरुषाने दहा सेंटचे तिकीट घ्यायचे, आवडेल त्या मुलीच्या हातात द्यायचे, एक गाणे होईपर्यंत तिच्याशी नाचायचे. तिकिटाचे निम्मे पैसे मालकाचे, निम्मे तिचे. पॉल क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या अशा सभागृहांवर लिहिलेले पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले. या मुलींना म्हणत ‘टॅक्सी डान्सर’. भाड्याची गाडी जशी मिनिटावर, तशी ही. पुरुष नाचला तर गृहस्थ, बाई नाचली तर गाडी.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ती झाली ‘बारबाला’. चार माणसांचे घर चालवणाऱ्या, मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या प्रौढ कामकरी बाईला वर्तमानपत्रांनी ‘बाला’ करून टाकले. मग तिचे रक्षण करायला सरकार धावले.

महाराष्ट्रात २००५ साली काय झाले ते पुन्हा एकदा आठवायला हवे, कारण नव्या कार्यकर्त्या मुली तेव्हा शाळेतही गेलेल्या नव्हत्या. राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून कलम ३३-अ घातले आणि परमिट रूम, बिअर बार, खानावळी येथील नाचावर बंदी आणली. कारणे दोन सांगितली : नाच अश्लील आहे, आणि बायकांचे शोषण होते. लगोलग कलम ३३-ब आले. त्यात तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, क्लब, जिमखाने यांना सूट होती. म्हणजे तोच नाच श्रीमंतांपुढे केला तर अश्लील नाही आणि त्यात शोषणही नाही! हजारो बायकांची रोजी एका फटक्यात गेली. ७५,००० हा आकडा त्या वेळी सगळीकडे दिला जात होता.

एसएनडीटी विद्यापीठाचे स्त्री अभ्यास संशोधन केंद्र आणि फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन यांनी तेव्हा ५० बारमधल्या ५०० नाचणाऱ्या बायकांशी बोलून पाहणी केली. या बायका कोण, कुठून आल्या, घरी कोण कोण आहे, हे त्यांच्याच तोंडून पुढे आले. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीमुळे काही बायकांवर देहविक्रय करण्याची वेळ आली, याचीही नोंद घेतली. सरकारने २०१४ साली सूट काढून टाकून बंदी सरसकट केली, २०१५ साली तिला न्यायालयाने स्थगिती दिली, २०१६ साली सरकारने आणखी एक कायदा केला. त्याच्या लांबलचक नावातच बायकांच्या प्रतिष्ठेचे रक्षण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या अनेक जाचक अटी रद्द केल्या. चौदा वर्षे गेली. नाच करू शकणारी बाईची वये निघून गेली.

त्या वादात स्त्री-संघटनांतही दोन मते होती. काही जणी म्हणाल्या, हा बाईच्या देहाचा बाजार आहे, बंदी हवीच. काही जणी म्हणाल्या, बंदीने बाजार जात नाही, फक्त बाई रस्त्यावर येते. दोन्हीकडे कळकळ होती. आज तो वाद उकरून कोण बरोबर होते ते ठरवायचे नाही. पण त्यातून निघालेला धडा बोटीवर जाणाऱ्या मुलीच्या प्रश्नाला लावायचा आहे. तो असा, की नाच चांगला की वाईट या प्रश्नातून बाईच्या हाती काहीच लागत नाही. तिच्या हाती काही लागायचे तर वेगळे तीन प्रश्न विचारावे लागतात. तिला नाही म्हणता येते का? काम सोडून निघून जाता येते का? आणि पैसा तिच्या स्वतःच्या हातात पडतो का?

हे तीन प्रश्न आपल्या किनाऱ्याच्या इतिहासालाही लावून पाहू. कारण ‘नाचूक लागता काय’ या प्रश्नातली भीती कालची नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवळांशी बांधलेल्या भाविणी, देवळी, कलावंतिणी यांची आठवण त्या प्रश्नामागे उभी आहे. मुलगी लहानपणीच देवाच्या सेवेला वाहिली जाई. तिला नाही म्हणता येत नसे, सोडून जाता येत नसे. गावच्या उत्सवात तिची सेवा हवी, पण गावच्या पंगतीत तिचे स्थान वेगळे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. मालवण आणि वेंगुर्ले तेव्हा इंग्रजी अमलाखालच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, सावंतवाडी हे संस्थान होते आणि गोवा पोर्तुगीजांकडे. म्हणजे पायी जाता येईल एवढ्या अंतरावर कायदे बदलत होते. त्या समाजांतल्या माणसांनी स्वतः शिक्षणाचा, संघटनेचा मार्ग धरला आणि ही गुलामी मोडून काढली. तो लढा मोठा आहे आणि आपल्या चळवळीने त्याचे ऋण मानले पाहिजे.

पण एक गोष्ट राहून गेली. गुलामी गेली, तिची लाज मात्र बाईच्या नाचाला चिकटून राहिली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोव्यातल्या कलावंत परंपरेतून आलेल्या बायकांनी गाणे मैफलीत नेले, आणि मोठ्या कष्टांनी त्याला मान मिळवून दिला. बसून गाणाऱ्या बाईला समाजाने अखेर आदराने नाव दिले. उभी राहून नाचणारी मात्र संशयातच राहिली. ज्या व्यवस्थेने मुली वाहिल्या, त्या व्यवस्थेतले मानकरी मानकरीच राहिले. लाज वाटायला हवी होती वाहणाऱ्याला, वाटली ती नाचणारीच्या नातीला.

आणि पुरुषाच्या नाचाचे काय? आपल्या जत्रांतला दशावतार बघा. मध्यरात्र उलटते, पेट्रोमॅक्सच्या जागी आता विजेचे दिवे आले, पण साडी नेसून, दागिने घालून पुरुष अजून पहाटेपर्यंत नाचतो, लाजतो, मुरकतो. बायाबापड्या पोरे मांडीवर घेऊन कौतुकाने बघतात. उत्तम स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाचे नाव पंचक्रोशीत होते, आणि व्हायलाच हवे. त्याला कुणी विचारत नाही, की परक्या पुरुषांपुढे असा का नाचतोस. बाईने मात्र बाईची भूमिका करायला त्या मंचावर यायचे तर किती वर्षे जावी लागली! अलीकडे महिला दशावतार मंडळे उभी राहिली आहेत. त्यांच्या घरी काय काय ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनाच विचारा.

बायकांनी नाचू नये असेही नाही म्हणा. गौरी-गणपतीत फुगड्या घालायच्याच असतात. हातात हात गुंफून, तोल सांभाळून, गरगर फिरायचे. खरे तर तोही जोडीचाच नाच. मालवण, वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरांतल्या लग्नांत तर नवरा-नवरी, आत्या-मामा, आजी-आजोबा सगळेच जोडीने नाचतात आणि कुणाचे काही बिघडत नाही. म्हणजे नाचाला आक्षेप नाही. अंगणात, घरच्यांसमोर, फुकट नाचली तर ती गुणी. उंबऱ्याबाहेर, परक्यांसमोर, पैसे घेऊन नाचली तर ती बिघडलेली. आक्षेप आहे तो उंबऱ्याला आणि पैशाला. बाईच्या श्रमाचे मोल झाले की तिचे चारित्र्य उतरते, हे गणित स्वयंपाकापासून नाचापर्यंत एकच आहे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि तीही बाईचीच आहे. जहाजावरचा तो पुरुष कुणासाठी नाचतो? एकट्या बाईसाठी. साठीच्या, सत्तरीच्या बाईला संगीत ऐकून पाय हलवावेसे वाटतात, कुणीतरी अदबीने हात पुढे करावा असे वाटते, यात चूक काय? २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या. पुरुष मुंबईला, बायका गावात, हे त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. घर, शेत, गुरे, सासू-सासरे सांभाळत या बायका म्हाताऱ्या होतात. त्यातली कुणी विधवा झाली की तिने लग्नाकार्यात मागे उभे राहायचे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद मानला. कुंकू आणि बांगड्या परत मिळवणे ही पहिली पायरी. आनंदाचा हक्क ही पुढची. एकटी बाई म्हणजे सुतकी चेहरा, हे समीकरण मोडायचे तर तिच्या हसण्या-नाचण्यालाही जागा करावी लागेल.

अर्थात आपण भाबडेपणाने बोटीची जाहिरात करायला निघालेलो नाही. ते तीन प्रश्न आता जहाजालाही विचारले पाहिजेत.

आधी त्या सभ्य गृहस्थालाच घ्या. पैसा त्याच्या हातात पडतो का? बहुतेक ठिकाणी या कामाला पगार नसे. खोली, जेवण, प्रवास फुकट, बस. उलट काही मध्यस्थ संस्था त्याच्याकडूनच दिवसाला ठरावीक शुल्क घेत. त्याला हे परवडते, कारण त्याचे निवृत्तिवेतन चालू असते. ‘तुला जग बघायला मिळते, आणखी काय हवे’ हे वाक्य त्याला सांगितले जाते. आपल्याला हे वाक्य ओळखीचे नाही का? ‘घर तुझेच आहे, आणखी काय हवे’ हे त्याचेच दुसरे रूप. नाव आदराचे दिले की पगार द्यावा लागत नाही, हे बाईला घरातच कळलेले असते. मालवणच्या मुलीला असा फुकटचा सन्मान परवडणारा नाही. तिला घरी पैसे पाठवायचे आहेत.

दुसरा प्रश्न, सोडून जाता येते का. समुद्रात मधेच उतरता येत नाही. करार अनेकदा सहा ते नऊ महिन्यांचे, आठवड्याचे सातही दिवस काम. जहाज मालकाचे एका देशातले, झेंडा पनामा, बहामा किंवा माल्टाचा, प्रवासी तिसऱ्याच देशाचे आणि राबणारे हात फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारताचे. तक्रार करायची झाली तर ती कुठल्या देशाच्या पोलिसांकडे, इथपासून घोळ. बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग यांच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातल्या प्रमाणपत्रधारक नाविकांत बायका २४,०५९, म्हणजे शेकडा सव्वाच्या आसपास. म्हणजे जिथे जाल तिथे वरिष्ठ पुरुषच. अमेरिकेला २०१० साली वेगळा कायदा करून तिथल्या बंदरांतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवासी जहाजांवरच्या गुन्ह्यांची माहिती एफबीआयला देणे बंधनकारक करावे लागले. जाहीर होणाऱ्या आकड्यांत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीच सर्वांत जास्त असतात. तिसरा प्रश्न, नाही म्हणता येते का, त्याचे उत्तर यात आले.

पण हातात काहीच नाही असेही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सागरी श्रम करार २००६ साली झाला, २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. तो फक्त इंजिनात काम करणाऱ्यांसाठी नाही. जहाजावर कोणत्याही हुद्द्यावर राबणाऱ्याला, वाढणारीला आणि खोली आवरणारीलाही लागू आहे. नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून शुल्क घ्यायचे नाही. सही केलेला करार तिच्या हातात असायला हवा. पगार निदान महिन्याला मिळायला हवा. कामाचे तास आणि विश्रांतीचे तास ठरलेले हवेत. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. करार संपला की घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा. छळ आणि दादागिरी यांचा उल्लेख २०१९ पासून त्यात स्पष्टपणे आला. मेख एकच : थोड्या दिवसांसाठी येणारे पाहुणे कलावंत ‘नाविक’ धरायचे की नाही, याचा अर्थ देशोदेशी वेगळा लावतात. नाचणारी मुलगी नेमकी त्या फटीत पडू शकते. म्हणून करारात आपला हुद्दा काय लिहिला आहे, हे तिने आधी वाचले पाहिजे.

आणि बोट म्हणजे केवळ परदेशी जहाज नव्हे. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली ‘आंग्रिया’ आली आणि पुढे थांबली. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चे जहाज मुंबईहून निघू लागले. आणखी जवळ, पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी असतात. तिथे रोज रात्री नाच-गाणी होतात, पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या मुली असतात. सावंतवाडी, दोडामार्गाकडून गोव्यात कामाला जाणाऱ्यांचा ओघ मोठा आहे, आणि ती जहाजे परक्या झेंड्याआड लपू शकत नाहीत. विशाखा निकाल १९९७ चा आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, मग ते कार्यालय जमिनीवर असो की पाण्यावर.

तेव्हा गटांनी करायचे काय? मुलगी बोटीवर जाते म्हणाली की तिच्या अब्रूची चौकशी थांबवायची आणि कागदांची सुरू करायची. तिला पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, त्याचा क्रमांक खरा आहे का, हे तपासायचे. ‘आधी पैसे भरा, मग जागा पक्की’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. करार तिच्याबरोबर बसून, मराठीत समजावून घेऊन वाचायचा. एक प्रत आईकडे, एक गटाकडे. जहाजाचे नाव, झेंडा, तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचा हुद्दा, हे वहीत लिहून ठेवायचे. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात येतो, बापाच्या वा भावाच्या नाही, याची खात्री करायची. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती मधेच परत आली तर ‘काय झालं गो?’ असे कुजबुजत न विचारता तिला घरात, वाडीत, गटात सरळ जागा द्यायची. परत यायला जागा आहे हे माहीत असलेलीच मुलगी तिथे ठामपणे नाही म्हणू शकते.

पाहुण्यांची सरबराई करून मानाने जगता येते, हे आपल्याच किनाऱ्यावर बायकांनी दाखवले आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ पासून कांदळवनाची सफर सुरू केली. स्वतः वल्ही मारायची, पाहुण्यांना झाडे-पाखरे दाखवायची. त्यांना नाही म्हणता येते, कारण होडी त्यांची. काम थांबवता येते, कारण गट त्यांचा. पैसा हातात पडतो, कारण हिशेबाची वही त्यांच्याकडे. तिन्ही उत्तरे होकारार्थी आहेत म्हणून ते काम प्रतिष्ठेचे आहे. केवळ खाडी आपली आहे आणि नाच नाही, म्हणून नव्हे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. म्हणजे सरकारनेच ठरवले, की इथल्या माणसांनी पाहुण्यांचे आगतस्वागत करून जगायचे. त्यात बायका राबणार हे उघड आहे : न्याहारीच्या घरांत, हॉटेलांत, होड्यांवर, जहाजांवर, कुणी रांधून, कुणी वाढून, कुणी गाऊन, कुणी नाचून. यातले कुठलेही काम जन्मतः सभ्य नाही आणि कुठलेही असभ्य नाही. जहाजावर नाचणारा पुरुष सभ्य ठरला, तो त्याच्याभोवती नियम लिहिले गेले म्हणून, आणि तो पुरुष होता म्हणून. दुसरे कारण आपल्याला मोडायचे आहे. पहिले मात्र आपल्या मुलींसाठी मागून घ्यायचे आहे, आणि वर पगारही.

म्हणून यापुढे बैठकीत कुणी ‘थंय नाचूक लागता काय?’ विचारले, तर उत्तर द्या : लागत असेल तर लागू दे, करारात काय लिहिले आहे ते आधी दाखवा.

– संपादक मंडळ